तुझ्याच फोनवरून मागव

नर्सरीत बी पेरायचं मशीन आलं त्या दिवशी मालकाने सगळ्या बायकांना काम थांबवून बघायला बोलावलं. लांबट टेबलासारखं मशीन होतं. एका बाजूने कोकोपीट भरलेला ट्रे आत जायचा, वरून सुयांची रांग खाली यायची, प्रत्येक सुई हवेने एकच बी ओढून धरायची आणि आपापल्या खळग्यात सोडायची. ट्रे दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत फुस्स असा एकच आवाज. बायका ओले हात अंगापासून लांब धरून उभ्या होत्या.

"बोटं दुखतात म्हणायचात ना? आता नाही दुखणार," मालक म्हणाला.

"घरी बसून त्या बोटांचं काय करायचं तेही सांगून ठेवा," गवंड्याची बायको म्हणाली. ती उंच होती आणि तिचं बोलणं सगळ्यांच्या डोक्यावरून थेट मालकापर्यंत पोचायचं. बायका हसल्या. मालकही हसला, आणि मग त्याने सांगितलं की येत्या आठवड्यापासून निम्म्या जणींनी एक आठवडा यायचं, उरलेल्यांनी पुढचा. पेरणी मशीन करेल. ट्रे उचलणं आणि वाफ्यांतली खुरपणी तेवढी बायकांकडे.

गवंड्याच्या बायकोच्या मागे ती उभी होती; तिने पुढे होऊन, वाकून एक ट्रे बघितला. प्रत्येक खळग्यात बी अगदी मधोमध होतं. हाताने पेरताना तिचं बी नेहमी किंचित उजवीकडे पडायचं. उगवून आल्यावर रोपांची रांग बघून बायका सांगायच्या, हा ट्रे तुझा. आता तसं कोणी सांगू शकणार नव्हतं.

घरी ती आणि सासू, दोघीच. सासूला ती आत्या म्हणायची. नवरा बोअरच्या गाडीवर ऑपरेटर होता. गाडी पाण्यासाठी जमिनीला भोकं पाडत दूरदूर फिरायची आणि गाडीबरोबर तो. त्याचा फोन यायचा संध्याकाळी, कंप्रेसर बंद झाल्यावर. दिवसभर त्या आवाजात राहून त्याला ओरडून बोलायची सवय लागली होती. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी आत्यांना स्वयंपाकघरात सगळं ऐकू जायचं, त्यामुळे नवराबायकोचं म्हणावं असं बोलणं फोनवर कधी झालंच नव्हतं.

मशीनचं ऐकून तो म्हणाला, "मालकाला नावं ठेवून काय होणार? इथेपण नवी गाडी आली की दोन माणसं घरी जातात."

"तुम्ही कधी येताय?"

"काही कारण निघालं की येतोच ना."

ते खरं होतं. तो कारणाने यायचा. कोणाचं लग्न, कोणाची मयत, आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. आला की त्या कारणामागे धावायचा आणि कारण संपलं की बॅग भरायचा. तिला तो बिनकारणाचा घरात हवा होता. मधल्याच एखाद्या वारी, भर दुपारी, उंबऱ्याकडे पाय करून पडलेला. काय करावं सुचत नाही म्हणून तिच्या कामात नाक खुपसणारा. तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आत्यांना ऐकू गेलं असतं.

"घरात दर महिन्याला पैसे येतील असं काहीतरी सुरू होऊ दे," तो नेहमीसारखं म्हणाला. "त्या दिवशी गाडी सोडतो."

"नक्की?" तिने आजवर हे विचारलं नव्हतं.

पलीकडे कोणीतरी लोखंडावर लोखंड टाकलं. "नक्की," तो म्हणाला.

बिनकामाच्या पहिल्या आठवड्यात ती फोनवर शोधत बसली. एक माणूस निळ्या तलावाकडे पाठ करून सांगत होता की घरबसल्या, अगदी झोपेतसुद्धा पैसे मिळतात.

"झोपेत मिळतात तर हा कशाला जागा राहून घसा फोडतोय?" आत्या तांदूळ निवडत म्हणाल्या.

पण ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग तशीच आणखी काही माणसं ऐकली, आणि सगळ्यांच्या बोलण्यातून जे समान होतं तेवढं वेगळं काढलं. एखादी कंपनी तुम्हाला तुमच्या नावाची लिंक देते. त्या लिंकवर बोट दाबून कोणी वस्तू विकत घेतली की कंपनी तुम्हाला थोडा वाटा देते. वस्तू परत करायची मुदत संपली की तो वाटा तुमच्या खात्यात येतो.

"म्हणजे दलाली," आत्या म्हणाल्या.

"दलालीच. पण माल आपल्याकडे नसतो. गिऱ्हाईकही समोर नसतं."

"मग तू कुठे असतेस?"

"मधे."

"मधे कुठे? हवेत?"

शेतीची लहान अवजारं विकणाऱ्या एका कंपनीकडे तिने अर्ज केला. नियमांचं पान इतकं लांब होतं की बोटाने ढकलून ढकलून ते संपत नव्हतं. शेवटी खाली मान्य आहेचा चौकोन आला, त्यावर तिने बोट दाबलं. चौथ्या दिवशी लिंक आली. ती तिने ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर टाकली, लग्नातल्या, नर्सरीतल्या, माहेरच्या. संध्याकाळी दिराचा फोन आला, "वहिनी, तुझा फोन कोणी हॅक केलाय का? दिवसभर खुरपी विकतोय."

ती ओशाळली आणि सगळीकडून लिंक काढून टाकली. मग विचार करत बसली. कोणी काही न सांगता नुसती लिंक पाठवली असती तर तिने स्वतः तरी ती उघडली असती का? वस्तू चांगली आहे हे आधी तिलाच माहीत नव्हतं.

म्हणून तिने एक वाकड्या पात्याचं खुरपं मागवलं. परसात मेथीचा वाफा होता. एक ओळ जुन्या खुरप्याने, शेजारची नव्याने, दोन्ही ओळी सारख्याच लांब, गवत सारखंच माजलेलं. उपड्या क्रेटवर फोन उभा करून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधला. चित्रात फक्त तिचे हात आणि माती येत होती. नव्या खुरप्याने ओळ लवकर संपली, पण पातं मुठीपाशी हलत होतं. तेही तिने दाखवलं. आत्या मागे बाजेवर होत्या. त्यांचं बोलणं आत शिरलं, "ज्याने ही मूठ केली तो वाफ्यात बसलाच नसणार कधी. तळहाताला फोड येणार बघ. पातं मात्र गुणाचं आहे."

तो आवाज कसा काढायचा तिला कळेना. तसाच व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत अनोळखी लोकांनी खाली लिहिलं होतं. मुठीला कापड गुंडाळलं तर चालेल का, आजींना विचारा. आजींना सांगा, आमच्याकडेही असाच फोड आला.

"माझं काय काम त्यात," आत्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच वेणीफणी करून त्या वाफ्याशेजारी येऊन बसल्या.

फवारणीचा पंप झाला, रोपं कापायची कात्री झाली. दर वेळी दोन ओळी, एक जुनी, एक नवी. जे वाईट असेल त्याला आत्या वाईट म्हणायच्या. कंपनीच्या पानावर तिच्या नावापुढे खरेदी दिसू लागल्या, आज एक, मग तीन दिवस काही नाही, मग एकदम दोन. ती दिवसातून अनेकदा ते पान उघडून बघायची. भात शिजला का बघावं तसं.

मग ते आसन आलं. फुगीर फोमचा गोल तुकडा, त्याला दोन पट्टे. पट्टे मांड्यांत अडकवले की आसन मागे लटकत राहायचं. उठलं की बरोबर उठायचं, बसलं की नेमकं खाली यायचं. खुरपणीला उकिडवं बसून गुडघे आखडतात त्यावर ते होतं. तिच्या कामाच्या आठवड्यात ती ते बांधूनच नर्सरीत गेली.

"अगं बाई, हिला शेपूट फुटलं," गवंड्याची बायको म्हणाली.

त्या दिवशी ती जिथून जाईल तिथे हसू उठलं. मालकाचा ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवून बघून गेला. तिचे कान तापले, पण तिने ते सोडलं नाही. दुपारपर्यंत इतर बायका कमरेवर हात ठेवून उठत होत्या, मधेच एका गुडघ्यावर टेकत होत्या. ती ओळीच्या टोकापर्यंत सरकत गेली आणि सरळ उठली. सुट्टी झाल्यावर गवंड्याची बायको तिच्या मागोमाग शेडच्या आडोशाला आली.

"सोड जरा ते. मला बांधून बघू दे."

बांधलं, बसली, उठली, पुन्हा बसली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "मला एक मागव."

"लिंक पाठवते."

"कोणाच्या फोनवर? फोन त्यांच्याकडे असतो. बुडाखाली घ्यायला पैसे घालवतेस का म्हणतील. तुझ्याच फोनवरून मागव, पैसे हातात देते."

तिने मागवलं. मागवताना आधी आठवणीने आपली लिंक दाबली, मग खरेदी केली. तसं केलं नाही तर वाटा मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. त्या आठवड्यात आणखी बायका आल्या. मग दुसऱ्या पाळीच्या आल्या. मग शेजारच्या नर्सरीतल्या. कोणाकडे फोन नव्हता, कोणाकडे होता पण तो वापरायचा कसा ते नवऱ्यालाच ठाऊक. सगळ्यांचं एकच, तुझ्याच फोनवरून मागव. दर वेळी ती न चुकता आधी लिंक दाबायची. ओसरीत खोके रचले जाऊ लागले.

"वहिनी, घरात माणसं दोन आणि बसायला एवढं?" पार्सलवाला म्हणायचा.

"पाहुणे येणार आहेत," आत्या सांगायच्या.

कंपनीच्या पानावरचा आकडा आता रोज वाढत होता. वस्तू परत करायची मुदत संपत आली होती. तिने नवऱ्याला फोनवर तो आकडा वाचून दाखवला. 

"पुन्हा वाच," तो म्हणाला. प्रथमच हळू आवाजात.

गाडी दुरुस्तीला गॅरेजमध्ये गेली होती. तो आला. काही कारण नव्हतं. तिने त्याला फाटकापासून चालत येताना बघितलं आणि हातातला टॉवेल उगाच पुन्हा झटकला. पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी दुपारी उंबऱ्याकडे पाय करून पडला आणि म्हणाला, "तुझं ते पाणी जास्त होतंय मेथीला." तिने आणखी थोडं पाणी सोडलं, त्याने पुन्हा म्हणावं म्हणून.

क्रेटवर फोन डगमगतो म्हणून त्याने लोखंडी गजाचा एक स्टँड वाकवून दिला. खोके ठेवायला ओसरीत फळी मारायचं ठरवलं. शनिवारी गाडीच्या मालकाचा फोन आला, गाडी तयार आहे, सोमवारी निघायचं. तो अंगणाच्या टोकाला जाऊन बोलला. परत आला तेव्हा हात पँटला पुसत होता.

"सांगितलं," तो म्हणाला. "दुसरा बघा म्हटलं."

आत्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

मेल मंगळवारी आला. तो फळीसाठी भिंतीला भोकं पाडत होता. ड्रिलच्या आवाजात तिने तो वाचला, मग ओसरीच्या पायरीवर बसून पुन्हा वाचला. तुमच्या लिंकवरून झालेल्या बहुतेक खरेदी तुमच्याच खात्यातून आणि तुमच्याच पत्त्यावर झाल्या आहेत. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करणं नियमात बसत नाही. तुमचं खातं बंद केलं आहे आणि जमलेली रक्कम दिली जाणार नाही.

तिने ते लांब पान उघडलं. या वेळी ढकललं नाही, ओळ न् ओळ वाचली. मधेच कुठेतरी ते वाक्य होतं. साधं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ड्रिल थांबल्यावर तिने सांगितलं. सगळं, लिंक दाबायची आठवण कशी ठेवली तेही.

"पण त्या बायका खऱ्या आहेत ना?" आत्या म्हणाल्या. "रोज येतात, जातात."

"कंपनीला मी एकटीच दिसते, आत्या. एकाच बाईने एवढी आसनं घेतली."

"मग एका बाईला इतकी बुडं कुठून येणार, एवढं तरी कळायला हवं होतं त्यांना."

कोणी हसलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. विटांची लाल भुकटी त्याच्या केसांवर आणि भुवयांवर बसली होती.

"त्यांना लिहून बघ."

"आत्ताच लिहिलं. तेच उत्तर आलं परत."

त्याने एका भोकात लाकडी खुंटी ठोकली. मग दुसऱ्या. "फळी बसवू ना?"

"बसवा," ती म्हणाली.

त्याने फळी बसवली, वर हात दाबून बघितली. नंतर हात धुतले आणि फोन घेऊन अंगणाच्या टोकाला गेला. गाडीच्या मालकाने बराच वेळ फोन उचलला नाही. उचलला तेव्हा नवऱ्याचा आवाज इतका लहान झाला की स्वयंपाकघरातून तिला फक्त मधलं मधलं ऐकू आलं. हो साहेब. नाही साहेब, माझंच चुकलं. चालेल.

"ऑपरेटरची सीट दुसऱ्याला दिली," आत येऊन तो म्हणाला. "हेल्पर म्हणून ये म्हणालेत. पाइप लावायला."

पाइप उचलणं हे काम त्याने लग्नाआधी केलं होतं. तिने त्याच्या खांद्यांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तो तिच्यावर चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसतं म्हणाला, "मेथीला पाणी कमी सोड." सकाळच्या गाडीने गेला.

आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेणीफणी न करता बाजेवर पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दुसरी कंपनी नसतेच का जगात?"

होती. तिने आधी त्यांचे नियम वाचले, सगळे. समजलं नाही ते पुन्हा वाचलं. मग अर्ज केला. या कंपनीने बरेच दिवस लावले, आणि घरात कोण कोण राहतं तेही विचारलं. तिने तिघांची नावं लिहिली, त्याचंही.

गवंड्याची बायको आली. तिच्या नणंदेला आसन हवं होतं. "मागव गं तुझ्याच फोनवरून."

"नाही. तुमच्या फोनवरून, तुमच्या खात्यातून. मी शिकवते."

"मोठी शहाणी झालीस."

"शहाणी असते तर आधीच शिकवलं असतं."

गवंड्याची बायको नवऱ्याकडून फोन घेऊन आली, म्हणजे मागून नव्हे, उचलूनच आणला. दोघी पायरीवर बसल्या. गवंड्याच्या बायकोच्या बोटाची कातडी नवऱ्याच्या हाताखाली सिमेंटचा माल कालवून इतकी कोरडी आणि जाड झाली होती की काचेला स्पर्शच कळत नव्हता. ती दाबत होती, काही उघडत नव्हतं.

"बोट ओलं करा जरा."

तिने बोट जिभेला लावलं, दाबलं. पान उघडलं. "अगं, हे मी उघडलं," ती म्हणाली, आणि मग सगळं स्वतःच दाबायचा हट्ट धरला, चुकीचंसुद्धा. नाव, पत्ता, परत नाव. दुपार त्यात गेली. काही बायका एवढ्या भानगडी कोण करणार म्हणून उठून गेल्या आणि पुढे आल्या नाहीत. काही आल्या. खरेदी दिसू लागल्या, पूर्वीपेक्षा कितीतरी कमी. प्रत्येकीचा पत्ता वेगळा होता.

बोअरच्या गाडीवरून त्याचा फोन येत होता. हातांबद्दल तो बोलायचा नाही, पण फोन धरताना एकदा त्याच्या तोंडून हुं असा आवाज निघाला, आणि तिने दुसऱ्याच दिवशी जाड रबरी तळव्याचे हातमोजे बघायला घेतले. एक जोडी स्वतःच्या पैशाने, लिंक न दाबता, त्याला पाठवली. दुसरी घालून आत्यांनी निवडुंग उपटून दाखवला.

त्या आठवड्याच्या शेवटी फोन आला तेव्हा तो परत ओरडून बोलत होता. "मोजे बरे आहेत. इथे तिघांना हवेत. तुझी लिंक पाठव, मी मागवतो सगळ्यांचे."

"त्यांचे नंबर द्या. मी त्यांना पाठवते, ते मागवतील."

"त्यांना कुठे जमतंय. मीच करतो ना, माझं खातं आहे."

"तुमचं चालणार नाही."

"का? मी काही तू नाही."

"एका घरात राहणाऱ्यांचं धरत नाहीत ते. नियमच आहे."

 मागे माणसं एकमेकांना हाका मारत होती. मग तो म्हणाला, इतक्या हळू की स्वयंपाकघरात आत्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं, "मग कळव ना त्यांना. मी कुठे एका घरात राहतो?"

ती ओसरीच्या भिंतीला टेकली.

"ते मी कळवणार नाही," ती म्हणाली.

पलीकडे कंप्रेसर सुरू झाला. आता बोलून काही ऐकू जाणार नव्हतं. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.